एमडीबरोबर मेडिकलमधल्या गोळ्यांकडेही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी शिंदे गावातला एमडीचा कारखाना पकडला, तेव्हापासून नाशिकमध्ये नशा म्हटलं की एमडीच डोळ्यांपुढे येते. ते रास्तच आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन. त्याने ठोके आणि अंगातली उष्णता वाढते, झोप उडते. असर दोन-तीन तासांत उतरतो आणि लगेच पुन्हा घ्यावीशी वाटते. अशा रात्री वाढत गेल्या की माणूस घरच्यांवरही संशय घेऊ लागतो. पण मी नाशिकरोडला मेडिकल चालवतो आणि माझ्या काउंटरवर वेगळेच चित्र दिसते.

संध्याकाळी येणारी पोरं अल्प्राझोलमची स्ट्रिप मागतात, नाहीतर कोडीनचे खोकल्याचे औषध. मोबाईलवर कुणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो, तारीख जुनी, नाव पुसट. मालेगावकडे अल्प्राझोलम हीच ती ‘कुत्ता गोळी’. खरे तर अतिचिंता, घबराट यांवर डॉक्टर ती मोजक्या दिवसांसाठी लिहून देतात. छापील पाकिटातली आणि स्वस्त, त्यामुळे ही नशा आहे असे ना पोरांना वाटते ना आईबापांना. दारूवर किंवा कोडीनवर ती घेतली, तर झोपेतच श्वास मंदावत जाऊन बंद पडू शकतो.

मध्यंतरी एक ताई पिशवीत रिकाम्या स्ट्रिपा घेऊन आल्या. मुलाच्या गादीखाली सापडलेल्या. “भाऊ, हे कशावरचं औषध आहे?” मी सांगितल्यावर म्हणाल्या, “त्याच्या वडलांनी कालपासून कोंडून ठेवलंय. चार दिवस तडफडेल आणि सुटेल.” ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ही गोळी रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येते, प्रसंगी जीव जातो. डॉक्टर ती आठवडे, कधी महिने लावून टप्प्याटप्प्याने उतरवतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचेही तेच. गर्दचे, म्हणजे हेरॉइनचे, मात्र निराळे आहे. सोडताना अतोनात हाल होतात, पण त्याने जीव सहसा जात नाही. महिनाभर बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेने घेतली की शरीराची सवय मोडलेली असते, आणि नेमकी तेव्हा पोरं दगावतात. म्हणून पालकांनो, कोंडू नका, मारू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि तो काय घेतो, किती घेतो ते खरे सांगा.

पोलिसांत प्रकरण जाईल या भीतीने लोक गप्प बसतात. पण एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या साठ्याचा खटला चालत नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. हे किती घरांना ठाऊक आहे?

आता आमच्या धंद्याविषयी. अल्प्राझोलम आणि कोडीन ही दोन्ही एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, रजिस्टरात रुग्ण आणि डॉक्टरचे नाव, आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. २०१४ पासूनचा हा नियम काही दुकानदार सरळ धाब्यावर बसवतात. ते माझेच व्यवसायबंधू आहेत, तरी हे लिहितो आहे. अन्न व औषध प्रशासनाने खरेदीची बिले आणि एच-१ रजिस्टर समोरासमोर ठेवून तपासावे. किती गोळ्या आल्या आणि किती नोंदीवर गेल्या, एका बैठकीत कळेल.

आपल्याला एक विनंती. अमली पदार्थांची प्रत्येक बातमी छापताना खाली १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा मोफत क्रमांक द्यावा.

आपला वाचक,
एक औषधविक्रेता, नाशिकरोड