दोन वर्षं अजून

ती. आई, आप्पा,

फोनवर सांगायला गेले की आई रडते न मग मी पण, म्हणून लिहितेय. बोस्टनचं काम दोन वर्षं वाढवून घेतलंय, सही पण झाली. दिवाळीला शहाद्याला येणार, ते पक्कं.

आप्पा, तुम्ही विचारलं होतं उंदरांवर एवढा वेळ कशाला लागतो. जमन्या आठवतो ना, थंडी पडली की खळ्यात हातपाय धरून कण्हायचा? तेच सिकलसेल, रक्ताचा आजार. चूक डीएनएतल्या एकाच अक्षराची, पण त्या जीनची, म्हणजे हिमोग्लोबिन बनवायची कृती असलेल्या डीएनएच्या तुकड्याची, चालू-बंद करायची बटणं त्याच्यापासून लांब असतात, आणि पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन जन्मल्यावर बंद होतं त्यात त्यांचाही हात असतो. ते परत चालू केलं तर दुखणं आटोक्यात येतं, तसा क्रिस्परचा, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापायच्या कात्रीचा, उपचार २०२३ मध्ये मंजूर पण झाला, पण किंमत २२ लाख डॉलर! जमन्याच्या घरच्यांनी काय करायचं? गोळीसारखं स्वस्त काही शोधायचं तर आधी तपासायला उंदीर लागतात, न उंदरात माणसासारखी बटणं नसतात.

म्हणून माणसाचा तो अख्खा पट्टा, सत्तर-ऐंशी हजार अक्षरांचा, उंदराच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएमध्ये, ठरलेल्या जागीच बसवायचाय. नुसत्या क्रिस्परने एवढा मोठा तुकडा सहसा बसत नाही, म्हणून आधी तिथे छोटी खूण घालायची, मग एका विषाणूचं एन्झाइम, जोडकाम करणारं प्रथिन, तो तुकडा त्या खुणेवर जोडतं. लांब डीएनए झटक्याने तुटतो, आई, तुझ्या बाजेवरच्या शेवयांसारखा, म्हणून ड्रॉपरसारखी रुंद तोंडाची टिप घेऊन अगदी हळू ओढते. मग एका पेशीच्या गर्भात सुई, वीसेक दिवसांनी पिल्लं, त्यातल्या थोड्यांतच तुकडा पूर्ण, मग त्यांची पुढची पिढी. वर्षं इथेच जातात. आणि आई, उंदरांचे जीव जातात हे मला पण लागतं, कमिटीच्या परवानगीशिवाय आम्ही काही करत नाही.

मी मजेत आहे. खोलीत हीटर आहे, कळण्याचं पीठ अजून आहे, भाकरी फुगते पण आता. आप्पा, सायकलच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून मला बसवायचे तुम्ही, टोचू नये म्हणून. तुमच्या गुडघ्याचं दुखणं मला इथे झोपू देत नाही हो.

म्हणून ऐका. बीपीची गोळी चहाच्या आधीच. कूलरमध्ये पाणी टाकताना बटण बंद, मामांचं झालं ते विसरू नका. आई, भरताच्या वांग्यांसाठी उन्हात बाजारात जायचं नाही, दादा आणेल, त्याला मी सांगितलंय. शुगरचा रिपोर्ट आजच्या आज व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, दोन्ही पानं.

तुमची,
ताई