थेट पाईपलाईनचं पाणी आलं, पण जातं कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मेन लाईनला गळती लागून दीड महिना झाला. फोन केला, अर्ज दिला, माणूस पाठवतो म्हणाले, माणूस आला पण, त्यानं बघितलं आणि जाताना खड्ड्यावर एक दगड ठेवून गेला. आणि त्याच गल्लीच्या वरच्या टोकाला दाब नाही म्हणून लोकं पहाटे 5 ला मोटर लावून बसतात.

दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातनं येणाऱ्या थेट पाईपलाईनसाठी कोल्हापूरनं किती वर्षं आंदोलनं केली ते सांगायला नको. शेवटी 2023 च्या दिवाळीत 50 किलोमीटरपेक्षा लांबनं पाणी शहरात आलं, आनंद झाला, मला पण झाला. पण पुढचा हिशोब कुणीच मांडत नाही. घरात आलेल्या 100 लिटरमधलं 80 लिटर तरी सांडपाणी होऊन गटारीला जातं असं इंजिनिअर लोक धरतात, शहरात माणसी 135 लिटर हे सरकारी माप, म्हणजे 4 माणसांच्या एका घरातनं दिवसाला सव्वाचारशे लिटरच्या वर मैलापाणी! पाणी जास्त आणलं की हे पण वाढणारच की. कसबा बावड्याला आणि दुधाळीला एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचे प्रकल्प, आहेत, नाही असं नाही, पण पंप बंद पडला नाहीतर वळवाचा दणका बसला की शहराचं सांडपाणी वाहणारा जयंती नाला सरळ पंचगंगेत.

आणि नदीच्या खालच्या अंगाला कोण आहे? इचलकरंजी, शिरोळ. 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. आता इचलकरंजीवाले सुळकूड गावापासनं दूधगंगेचं पाणी मागतात तर तिकडच्या शेतकऱ्यांचा विरोध. शेतकऱ्याची भीती खोटी नाही, नदीतनं पाणी उपसायला बंदी लागली की ऊस त्याचाच वाळतो, पण त्यांची नदी आपण घाण करायची आणि दुसऱ्या नदीकडं त्यांनी बघायचं पण नाही, हे काय पटत नाही बघा. तिकडं कृष्णेच्या एकेका टीएमसीसाठी (म्हणजे अब्ज घनफूट पाण्यासाठी) राज्यं लवादासमोर भांडतात आणि इकडं तिच्याच खोऱ्यातलं पाणी टाकीतनं किती सुटलं, बिलात किती आलं, मधे किती मुरलं ह्याचा मेळ नाही.

तुमच्याकडं एकच मागणं. पुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी तुम्ही रोज फूट-इंचात छापता, इशारा 39 फुटांवर आणि धोका 43 वर हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ आहे. तसं बाकीच्या महिन्यात नाल्याचं किती पाणी शुद्ध झालं आणि किती तसंच नदीत गेलं ते पण रोज छापा, त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. लोकं वाचतील, कट्ट्यावर चर्चा तर होईलच.

दगड अजून तिथंच आहे, काल सकाळी एकजण त्या पाण्यावर बुलेट धूत होता.

आपला एक वाचक, कोल्हापूर