गाडी आणण्याआधी

अंबाजोगाई

चि. सौ. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्यासाठी घेतलेली जुनी कार घेऊन लातूरला येतो. दुरुस्तीला दीड महिना लागला. तू फोनवर विचारलंस, "अण्णा, घेतली तेव्हा चालत होती ना?" चालत होती, माय. पण ओवीला मागं बसवून तू रोज औसा रोडनं शाळेला जाणार, त्याला नुसती चालणारी गाडी पुरत नाही. काय काय निघालं ते तुला ठाऊक असावं, म्हणून लिहायला बसलो.

घेतली त्या दिवशी लातूरहून इथवर आलो तरी इंजिनाच्या गरमीचा काटा तळाशीच होता. मला आधी बरंच वाटलं. मिस्त्रीनं उघडलं तर आतला थर्मोस्टॅटच काढून टाकलेला. इंजिनातलं पाणी साधारण 80 अंशांच्या पुढं तापलं की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडं सोडतो. तो नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं. मग काढला कशाला? तर रेडिएटर तुंबला होता, गाडी तापायची. तुंबलेलं साफ करायचं सोडून कुणीतरी हा झडपेचा अडथळा काढला आणि काम भागवलं. रेडिएटर उतरवला तेव्हा आधी लाल गंजाचं पाणी आलं, मग पांढरे खवले. बोअरचं पाणी! आपल्या चहाच्या पातेल्याला बसतो तोच क्षार.

त्याबद्दल मला पहिल्या मालकाचा राग नाही. गाडी 2014 ची, लातुरातली. 2016 च्या एप्रिलात तिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. माणसांनाच जिथं मिळेल ते पाणी होतं, तिथं गाडीला कोण निवडून घालणार? रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट आणि झाकण नवं बसवलं, कूलंट भरलं. आता कूलंटच्या बाटलीतली पातळी कमी दिसली तर नळाचं, बोअरचं घालू नकोस. कूलंटचा डबा डिक्कीत ठेवलाय. आणि गाडी गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, वाफेनं तोंड भाजतं.

राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. स्टेअरिंगखाली टॉर्च लावून फ्यूज बघत होतो. एक निळा, 15 अँपिअरचा फ्यूज जरा फुगीर दिसला. चिमट्यानं ओढून काढला तर त्याच्या दोन्ही पायांना तांब्याची तार गुंडाळलेली, चांगली चार-पाच पदरी. प्लास्टिक एका अंगानं वितळून काळं पडलेलं. मी तो हातात धरून तिथंच खाली बसलो. एकतीस वर्षं लाइनमनची नोकरी केली. रब्बीत डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, किटकॅट फ्यूजला जाड तार घालून ठेवतात आणि मग सगळा डीपी जळतो, हे किती गावांत पाहिलं. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवायला उडतो. इथं तर त्याला उडूच द्यायचं नाही अशी सोय केलेली.

मग तो उडत का होता ते शोधलं. पुढं जादा दिवे लावले होते, त्यांची वायर इंजिनाकडून आत घेताना पत्र्याला भोक पाडलेलं आणि त्यात रबर घातलेलं नव्हतं. धक्क्यानं वायर कडेला घासत राहिली, वरचं आवरण सोललं आणि तांबं पत्र्याला लागलं. दोन बोटांएवढी जागा, पण गाडी पेटायला तेवढी बस होती. ते दिवे, त्यांची वायरिंग सगळं उपसून टाकलं, भोक बुजवलं. चांगले फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात डबीत ठेवलेत. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घाल. परत उडाला तर गाडी उभी कर आणि मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

टायर चारही बदलले. वरून नक्षी छान होती, पण बाजूला 1116 असा आकडा, म्हणजे 2016 सालच्या अकराव्या आठवड्यातले. कडेला भेगा पडल्या होत्या.

कागदांतही एक निघालं. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, सातबाऱ्यावर राहून जातो तसा. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवला. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून गाडी तुझ्या नावावर झाली. विमाही तुझ्या नावावर करून घेतला. कागद पिवळ्या फाइलीत आहेत.

एक काम राहिलंय. मागची डावी काच अर्ध्यावर अडकते. ओवी त्याच बाजूला बसते, म्हणून तूर्त वर करून पक्की केली आहे. पोळ्याला याल तेव्हा दार खोलून बघतो. जावईबापूंना नमस्कार, ओवीला पापा.

तुझे
अण्णा