बॅज शून्य दाखवतो, मग लघवी कशाला तपासता?

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "छातीवरच्या बॅजचा आकडा दर वेळी शून्याच्या आसपास येतो म्हणतेस, मग तुमच्याकडे कामगारांची लघवी कशाला तपासतात?" प्रश्न इतका नेमका होता की फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला पटेना, म्हणून हे पत्र. आई, तुझ्या मनात जे आहे आणि जे तू विचारत नाहीस, त्याचं उत्तरही यातच येईल.

किरणोत्सर्ग मोजणारा हा बॅज बाहेरचं बघतो. खोलीत गॅमा किरण असतील तर ते बॅजमधून जातात तसेच अंगातूनही जातात, त्यामुळे बॅजवरून अंगाला किती लागलं ते सांगता येतं. पण प्लुटोनियमची बारीक धूळ श्वासाबरोबर आत गेली तर? प्लुटोनियम-239 मधून निघणारे अल्फा कण शरीरात जेमतेम 40 मायक्रोमीटर जातात आणि थांबतात. बाहेरून त्यांचा त्रास नाही, कातडीचा वरचा मेलेला थरच त्यांना अडवतो. आत मात्र ती सगळी ऊर्जा शेजारच्या जिवंत पेशींत उतरते. छातीवर बॅज, छातीत प्लुटोनियम, आणि बॅजला पत्ताही नाही. अशा वेळी माणसालाच मोजावं लागतं.

काही पदार्थ सोपे असतात. सिझियम-137 आत गेलं तर त्याचे गॅमा किरण अंगाबाहेर येतात. त्या माणसाला आम्ही होल बॉडी काउंटरमध्ये नेतो. जाड पोलादी भिंतींची छोटी खोली, आत खुर्ची किंवा पलंग, अंगाजवळ डिटेक्टर. जुन्या खोल्यांचं पोलाद तर मुद्दाम 1945 च्या आधीचं शोधून आणलेलं असे. अणुचाचण्या सुरू झाल्यावर हवेत जे मिसळलं ते नंतरच्या पोलादातही थोडं थोडं उतरलं, आणि इतक्या नाजूक मोजणीत तेवढंही खुपतं. माणूस आत स्वस्थ पडून राहतो आणि बाहेर पडद्यावर आलेख हळूहळू वर येत जातो. सिझियम असेल तर 662 केईव्हीजवळ (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं माप) शिखर दिसतं. नसेल तरी 1461 वर एक शिखर असतंच. ते पोटॅशियम-40 चं, तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या अंगातलं. 70 किलोच्या माणसात साधारण 4,000 बेकरेल, म्हणजे सेकंदाला 4,000 अणू फुटत असतात. पहिल्यांदा आलेल्या कामगाराला मी ते शिखर बोट ठेवून दाखवते. "हे तुझं जन्मापासूनचं आहे, कामावरचं नाही." त्याचे खांदे तेव्हा जरा सैल होतात.

प्लुटोनियमच्या बाबतीत हा मार्ग जवळजवळ बंद आहे. तिथे लघवी. पूर्ण 24 तासांची, सगळी, रात्रीचीसुद्धा. बाटल्या आल्या की आधी आम्ही क्रिएटिनिन बघतो, म्हणजे स्नायूंतून रोज ठरावीक प्रमाणात लघवीत उतरणारा एक पदार्थ. पुरुषाच्या दिवसभराच्या लघवीत ते साधारण 1.7 ग्रॅम असतं, बाईच्या साधारण 1 ग्रॅम. फारच कमी निघालं तर दिवस पुरा भरलेला नाही हे कळतं. मग त्या नमुन्यात मोजून-मापून प्लुटोनियम-242 घालायचं. हे वाचून दचकू नका. हा आमचा खुणेचा प्लुटोनियम, शेवटी त्यातला किती हाती लागला यावरून मधल्या रसायनकामात किती वाया गेलं ते कळतं. नंतर आम्ल, आटवणं, रेझिनच्या नळीतून गाळणं, आणि सरतेशेवटी स्टीलच्या नाण्याएवढ्या चकतीवर एक न दिसणारा थर. त्या चकतीसमोर डिटेक्टर लावला की थांबून राहायचं. 1 मिलिबेकरेल म्हणजे सरासरी सतरा मिनिटांत एक अणू फुटणं. फुटला तो प्रत्येक डिटेक्टरकडेच उडेल असंही नाही. तासाला जेमतेम एक नोंद. म्हणून एक चकती काही दिवस तशीच ठेवावी लागते. रिपोर्टला उशीर का, म्हणून वरून विचारणा होते तेव्हा मी हेच सांगते: अणूंना घाई करता येत नाही.

बाबा, आता तुमच्या आवडीचा भाग, हिशेबाचा. लघवीत 1 मिलिबेकरेल मिळालं, ठीक. पण आम्हाला हवं आहे ते वेगळंच: आत किती गेलं, आणि त्याने काय होणार? ही दोन उत्तरं कुठलंच यंत्र देत नाही, ती मॉडेलमधून काढावी लागतात. शरीर म्हणजे नळांनी एकमेकींना जोडलेल्या टाक्या आहेत असं धरा. फुप्फुस, रक्त, यकृत, हाडं, मूत्रपिंड. प्रत्येक नळाचा वेग ठरलेला. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून बरंचसं हाडांत आणि यकृतात, थोडंसं लघवीत. हाडातून परत रक्तात, पण इतकं सावकाश की दशकं जातात. मध्यम वेगाने विरघळणारं प्लुटोनियम श्वासातून गेलं असेल तर काही महिन्यांनी दिवसाच्या लघवीत त्याचा साधारण लाखावा हिस्सा येतो. म्हणजे बाटलीतल्या 1 मिलिबेकरेलमागे आत 100 बेकरेल गेलेले असू शकतात. न विरघळणारं असेल तर लघवीत उतरणारा हिस्सा त्याहून कितीतरी कमी, आणि तोच आकडा कितीतरी जास्त प्लुटोनियमची बातमी सांगतो.

बघा, मोजणी तीच, पण धूळ विरघळणारी होती की नाही यावर उत्तर पालटतं. कणांच्या आकारानेही पालटतं. माहिती नसेल तर कामगारांसाठी 5 मायक्रोमीटर धरायचे अशी रीत आहे. सगळ्यात जास्त पालटतं ते तारखेने. ट्रिटियमचं, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचं, पाणी शरीरात साधारण दहा दिवसांत निम्मं होतं. आज नमुन्यात जे दिसतंय ते दहा दिवसांपूर्वी गेलं असेल तर मूळचं दुप्पट होतं, तीस दिवसांपूर्वी गेलं असेल तर आठपट. कधी गेलं हेच ठाऊक नसेल तर दोन तपासण्यांच्या मधली तारीख धरतात. गणित म्हणून ते रास्त आहे, पण मला ते नेहमी टोचतं. "गेल्या मंगळवारी मास्क जरा सैल बसला होता" एवढं कोणी वेळेवर सांगितलं असतं तर तारखेचा अंदाजच करावा लागला नसता. म्हणून मी कामगारांशी बोलते तेव्हा यंत्रांपेक्षा यावरच जास्त बोलते.

आणि ते का सांगत नाहीत हेही मला ठाऊक आहे. एकाने रात्रीची बाटली भरलीच नव्हती, क्रिएटिनिनवरून ते उघड झालं. भेटल्यावर कळलं की आकडा वाढला तर आपल्याला कामावरून काढतील अशी त्याला धास्ती होती. त्याच्यावर रागावण्यात काय अर्थ? ज्या ठिकाणी रिपोर्ट म्हणजे शिक्षा वाटते, तिथे नमुने अर्धेच येणार. हा आकडा आधी त्या कामगाराचा, मग कार्यालयाचा, असं माझं ठाम मत आहे. मी तो एकटा सांगतही नाही. "5 मिलिसीव्हर्ट" (डोसचं, म्हणजे शरीराला किती किरणोत्सर्ग लागला त्याचं माप) असं नुसतं न म्हणता "2 ते 10 च्या दरम्यान असावा, आणि तो असा काढला" असं समोर बसून सांगते. काही सहकाऱ्यांना वाटतं की एवढी अनिश्चितता ऐकून माणूस घाबरेल. मला तसा अनुभव नाही. लपवलेल्या आकड्याने माणूस जास्त घाबरतो.

पदार्थापदार्थांत किती अंतर आहे तेही बघा. वर्षाला सरासरी 20 मिलिसीव्हर्ट, तीही पाच वर्षांची सरासरी धरून, आणि कुठल्याही एका वर्षात 50 च्या वर नाही, ही आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस. आयोगाच्या 1994 च्या गुणकांनी (आत गेलेल्या दर बेकरेलमागे किती डोस, ते सांगणारे आकडे) हिशेब केला तर हे 20 मिलिसीव्हर्ट व्हायला श्वासातून सिझियम-137 जवळपास 30 लाख बेकरेल जावं लागतं. ट्रिटियमचं पाणी 110 कोटी. मध्यम विरघळणारं प्लुटोनियम-239 मात्र 600 च्या थोडंसं वर. वजनात हे एका मायक्रोग्रॅमच्या पावभागाच्या आसपास भरतं, डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही. 2015 ते 2022 या काळात आयोगाने हे सगळे गुणक नव्याने काढले आणि काही बरेच बदलले. त्यामुळे जुन्या नोंदी नव्या मॉडेलने पुन्हा तपासणं हाही आमच्या कामाचा मोठा भाग आहे.

आई, "पन्नास वर्षांचा डोस" हे शब्द तू माझ्या कागदावर वाचले होतेस आणि गप्प झाली होतीस. त्याचा अर्थ एवढाच: आज आत गेलेला कण पुढची पन्नास वर्षं जो डोस देईल, तो सगळा आजच्याच वर्षाच्या खात्यावर टाकायचा. कामगार उद्या नोकरी सोडेल, निवृत्त होईल, तरी त्याच्या अंगातलं प्लुटोनियम निवृत्त होत नाही. तो भार पुढच्या वर्षांवर ढकलून आजचा आकडा लहान दाखवायची सोय या नियमाने ठेवलेली नाही. मला हा नियम फार न्याय्य वाटतो.

आता जे मला खरं तर सगळ्यात आधी लिहायचं होतं. ही मॉडेलं आली कुठून? नळांचे वेग कोणी मोजले? 1920 च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या तरुण मुली ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. तशी शिकवणच होती. रेडियम शरीरात कॅल्शियमच्या वाटेने जातं आणि हाडात बसतं. जबड्याची हाडं कुजली, काही जणी फार लहान वयात गेल्या. 1928 मध्ये पाच जणींच्या खटल्यात तडजोड झाली. पुढे अशाच कामगारांच्या श्वासातून बाहेर येणारा रेडॉन मोजून शरीरातल्या रेडियमचा अंदाज बांधला गेला, आणि 1941 मध्ये 0.1 मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. प्लुटोनियमची पहिली मर्यादा याच रेडियमच्या अनुभवावर बेतली होती.

प्लुटोनियमची गोष्ट याहून वाईट. 1945 ते 1947 मध्ये अमेरिकेत 18 रुग्णांना प्लुटोनियम टोचलं गेलं आणि त्यांची लघवी-शौच मोजली गेली. आपल्याला काय दिलं जातंय हे त्यांना सांगितलं नव्हतं. अनेक वर्षं जगभर वापरलेलं उत्सर्जनाचं सूत्र त्या आकड्यांतून निघालं. मी तो आलेख पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यावरचा प्रत्येक ठिपका कोणाच्या तरी आयुष्यातला एक दिवस आहे हे मनातून जाईना. ते आकडे फेकून देता येत नाहीत, पण ते कसे मिळाले हे सांगितल्याशिवाय शिकवूही नयेत. आमच्याकडे नवी मुलं येतात तेव्हा मी तेच आधी सांगते.

याच्या उलट बाजूची माणसंही आहेत. 1968 मध्ये अमेरिकेत प्लुटोनियमसारख्या मूलद्रव्यांचा संसर्ग झालेल्या कामगारांसाठी एक नोंदवही सुरू झाली. त्या कामगारांनी स्वतःहून लिहून दिलं की मेल्यावर आमचं शरीर तपासा, तुमची मॉडेलं बरोबर आहेत का बघा. हॅरल्ड मॅक्लस्की हे त्यांपैकी एक. 30 ऑगस्ट 1976 रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्रात ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोज्यांतून आत हात घालून काम करायची बंद पेटी) स्फोट झाला आणि चेहऱ्यावर आम्ल, काचा आणि अमेरिशियम-241 आदळलं. वय 64. डीटीपीए नावाच्या औषधाने, जे असे धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढतं, ते वाचले आणि 1987 मध्ये हृदयविकाराने गेले. गंमत अशी की हे औषध दिलं की आमचं मॉडेल कोलमडतं, कारण नळांचे नेहमीचे वेगच बदलतात. त्या काळातले नमुने साध्या सूत्रात बसवता येत नाहीत. तरीही औषध आधी, गणित नंतर. यावर आमच्यात वाद होत नाही आणि होऊही नये.

आई, मी स्वतः ग्लोव्ह बॉक्सवर काम करत नाही. माझ्या हाती येतात त्या बाटल्या, चकत्या आणि आलेख. तरी प्रयोगशाळेत असल्यामुळे माझेही नमुने ठरल्या वेळी जातात, आणि ते दुसरीच माणसं मोजतात. माझा ताजा रिपोर्ट सोबत जोडला आहे. बाबा, त्यात "निर्णय पातळीखाली" असं छापलेलं दिसेल. त्याचा अर्थ शून्य असा घेऊ नका. अर्थ असा की जे मोजलं ते बॅकग्राउंडपासून, म्हणजे नमुना नसतानाही यंत्रात होणाऱ्या नोंदींपासून, वेगळं ओळखू येत नाही. त्याच्या पुढच्या रकान्यात एक आकडा आहे, आमच्या पद्धतीला खात्रीने दिसू शकणारं किमान प्रमाण. तेवढं असतं तर किती डोस झाला असता, ते मी मागच्या बाजूला पेन्सिलीने मांडलं आहे, वरच्या लाखाव्या हिश्शाच्या हिशेबाने. एकदा तपासून बघा, आणि अडलं तर रविवारी सकाळी फोन करा, मी घरीच असते.

तुमची,
लेक