जमिनीनं काय गुन्हा केला?

फोर्ट, मुंबई
शुक्रवार रात्र

प्रिय दिनू,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही. फोनवर तू ‘बरा आहेस ना’ विचारतोस, मी ‘हो’ म्हणतो, तेवढ्यावर भागतं. तब्येती ठीक. माझी साखर आटोक्यात आहे, हिचा गुडघा पावसात कुरकुरतो. बस.

आज लिहितोय कारण ऑफिसात जे झालं ते लंबूला सांगितलं, तर तो म्हणाला, “एका शब्दापायी एवढा जीव जाळतोस?” तेव्हाच ठरवलं की हे दिनूलाच सांगायचं. एका शब्दापायी अबोला धरणारा माझ्या ओळखीत तू एकटा.

परवा दुपारी एक म्हातारे बाबा जिना चढून वर आले. लिफ्ट बंद होती. मुरबाडकडचे. एसटीनं कल्याण, तिथून लोकलनं सीएसएमटी आणि पुढे चालत. दूध-पिशवीत घडी घालून ठेवलेले दोन कागद टेबलावर काढले, तळहातानं दाबून सरळ केले. एक बँकेचं इंग्रजी पत्र, दुसरं आमच्या ऑफिसनं करून दिलेलं मराठी भाषांतर, खाली आमचा शिक्का. कर्ज पुरतं फिटलंय, जमिनीवरचा चार्ज उतरवला आहे, एवढंच बँकेला म्हणायचं होतं. भाषांतरात एके ठिकाणी ‘जमिनीवरील शुल्क सोडण्यात आले आहे’ आणि खाली ‘सदर जमिनीवर कोणताही आरोप शिल्लक नाही’. बाबा मला विचारतात, “साहेब, जमिनीनं काय गुन्हा केला?”

चेष्टेनं नव्हे रे. त्यांना खरंच वाटलं होतं की जमिनीवर काहीतरी केस आहे आणि घरच्यांनी ती लपवली. तलाठ्यानं कागद परत केला होता. त्याला एकच हवं होतं, बोजा उतरला की नाही. तो शब्द कागदात कुठेच नव्हता.

ते भाषांतर मशीनचं. गेल्या काही महिन्यांपासून आमच्याकडे पहिला खर्डा मशीन करतं आणि आम्ही तपासतो. हा कागद घाईत न तपासताच गेला. मी बाबांना बसवलं, चहा मागवला, कागद नव्यानं लिहून दिला: ‘सदर जमिनीवरील बोजा उतरविण्यात आला आहे.’ त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्यासमोर गेला.

आता तू म्हणशील, झालं की काम. दिनू, काम इथूनच सुरू होतं. पुढल्या महिन्यापासून तपासणीच बंद करायचं घाटतंय. मशीनचा कागद थेट बाहेर, आणि खाली ‘मूळाबरहुकूम खरे भाषांतर’ या ओळीवर सही माझी. न वाचता. साहेब म्हणतात, “नमुने ठरलेले आहेत, त्यात वाचण्यासारखं काय असतं?”

काय असतं ते सांगतो. दिवसभरात आपण चार्ज किती वेळा म्हणतो बघ. मोबाइल चार्ज करतो. रात्री बारानंतर रिक्षाला जादा चार्ज. लाइटबिलात तोच ‘स्थिर आकार’ होऊन बसतो. बदली झालेला अधिकारी चार्ज देतो, कागदावर तो पदभार. मोर्चावर लाठीचार्ज, पेपरात लाठीमार. पोलिसांची चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र. पोराच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतप्रभार. आणि सातबाऱ्यावर, ‘इतर हक्क’च्या रकान्यात, बोजा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १००मध्ये त्याचा अर्थ दिलाय: जमीन मालकाचीच राहते, पण देणं वसूल व्हायची तजवीज तिच्यावर असते. गहाण निराळं. म्हणजे शुल्कही नाही आणि आरोप तर नाहीच नाही.

डिस्चार्ज त्याहून अवघड. इस्पितळातून माणसाला डिस्चार्ज मिळतो, जखमेतून येतो तो स्राव, धरणातून सोडतात तो विसर्ग. खटला उभा राहण्याआधीच आधार नाही म्हणून कोर्टानं सोडलं तर तो आरोपमुक्त. खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्तता, आणि तिथे इंग्रजी शब्दच वेगळा, ॲक्विटल. पेपरवाले सर्रास एकाच्या जागी दुसरा छापतात, आणि ज्याचं नाव छापून येतं त्याच्या आयुष्यात त्यानं केवढा फरक पडतो!

मूळ शोधत गेलो तर फार सुंदर हाती लागलं. चार्जच्या मुळाशी लॅटिनमधली गाडी आहे, गाडीत माल चढवणं. कार्गो त्याच घरचा, आपली मोटारकारही. बंदुकीत दारू ठासली तो चार्ज, आणि तिथून फ्रँकलिननं १७४०च्या दशकात तो विजेकडे नेला. जबाबदारी चढवली, किंमत चढवली, आळ चढवला, सगळे त्या एका गाडीतून उतरलेले. आणि आपला तलाठी काय म्हणतो? बोजा चढवला, बोजा उतरवला! मुरबाडच्या कारकुनाला लॅटिन कुणी शिकवलं नव्हतं, तरी क्रियापदासकट तोच अर्थ त्याच्या तोंडी आहे. हे वाचून मी एकटाच टेबलाशी हसत बसलो.

तुझं ते जुनं पालुपद आठवतं: “रॉजेट उघड, समानार्थी शब्द मिळेल.” नानाच्या गच्चीवर आपण त्यावरून काय भांडलो होतो! १८५२चं इंग्रजी समानार्थी शब्दांचं पुस्तक, हजार मथळे, अक्षरावारी नव्हे तर अर्थावारी लावलेले. माणूस थोर, हे मी तेव्हाही मानत होतो. पण संस्कृतातल्या अमरकोशानं हेच शेकडो वर्षं आधी श्लोकांत केलंय म्हटल्यावर तू उठून गेलास. आता ऐक. रॉजेटनं आपल्या प्रस्तावनेच्या तळटीपेत अमरकोशाचा उल्लेख केलाय, कोलब्रुकनं केलेल्या आणि सेरामपूरला १८०८ साली छापलेल्या इंग्रजी भाषांतरासकट. हे तेव्हा माहीत असतं तर तुझी धडगत नव्हती.

तरी माझा मुद्दा तोच. यादी शब्द शेजारी-शेजारी बसवते. किंमत, हल्ला, आरोप, जबाबदारी, भार. त्यातला कुठला मुरबाडला पाठवायचा हे यादी सांगत नाही, ते सातबारा पाहिलेला माणूस सांगतो. मोल्सवर्थनं सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीनं पुरा केला आणि १८४७ साली याच मुंबईत छापला. परकी माणसं, पण शब्द कुठे चालतो हे विचारत बसली. आमच्याकडची नवी मुलगी इंग्रजीत माझ्यापेक्षा सरस आहे. तिनं सातबारा कधी हातात धरला नव्हता. बाबांचा कागद तिला दाखवला, फेरफार म्हणजे काय ते सांगितलं, तर तिनं दुसऱ्या दिवशी तसले आणखी तीन कागद स्वतः शोधून आणले. अशी मुलं असताना तपासणी बंद करायची?

तुझं कळलं. निवृत्त झालास, चार्ज कुणाला दिलास? बाळ्याला नोकरी लागली हे फार छान. वहिनींना नमस्कार. नाशिकला येणं गणपतीनंतर बघतो.

आता कामाचं. सोमवारी साहेबांना लेखी द्यायचंय. मी ‘न वाचलेल्या भाषांतरावर सही करू शकत नाही’ असं लिहिलं होतं. ही म्हणते, “‘करू शकत नाही’ म्हणजे हाताला काही झालंय का? ‘करणार नाही’ लिहा.” नोकरीची अजून काही वर्षं आहेत आणि फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, तिला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी तीच म्हणाली. मी ‘करणार नाही’ ठेवतोय. तुला याहून नेमका शब्द सुचत असेल तर रविवारी रात्रीच्या आत फोन करून भांड.

तुझा,
मधू