पाळी जाते तेव्हा: मैत्रिणीस पत्र

प्रिय मृणाल,
सप्रेम नमस्कार.

रजोनिवृत्तीने आपण दोघी जशा बेजार झालो आहोत, तशा जगातल्या सगळ्याच बायका होतात का, आणि होत नसतील तर आपलेच काही चुकते आहे का, असे तू विचारलेस. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही. पहिल्याचे उत्तर लांबलचक आहे.

मार्शा फ्लिंट या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या ४८३ राजपूत स्त्रियांचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. पाळी थांबली यापलीकडे तक्रार सांगणाऱ्या त्यांच्यात फारच थोड्या होत्या. फ्लिंटबाईंनी त्याचे कारण असे लावले की पाळी गेल्यावर या बायकांचा पडदा सुटत असे आणि पुरुषांच्या बैठकीत बसण्या-बोलण्याची मोकळीक त्यांना मिळत असे. ‘आपल्या बायकांना असले त्रास होतच नाहीत’ हे पटवायला जेव्हा कुणी हा अभ्यास पुढे करते, तेव्हा माझा संताप होतो, कारण ते बक्षीस ऐन उमेदीची वर्षे उंबऱ्याआड काढल्याबद्दलचे होते. आपल्याकडेही कावळा शिवण्याचे दिवस संपले की देवघर बारमाही मोकळे होई आणि सोवळ्यातला स्वयंपाक विनाखंड हाती येई. आपल्या आज्यांना वाटलेली ती सुटका खरीच होती. पण तेवढ्यावरून त्यांना रात्री दरदरून घाम फुटत नसेल, असे मी तरी म्हणणार नाही.

अर्थात सगळे काही दडपलेल्या तक्रारींवर ढकलूनही चालणार नाही. मेक्सिकोतल्या युकातानमधील माया बायकांनी अंगातून वाफा निघाल्याची तक्रार केलीच नाही, आणि रक्त तपासले तेव्हा त्यांच्यातील संप्रेरकांची पातळी अमेरिकी बायकांइतकीच खालावलेली आढळली.

जपानचे उदाहरण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मार्गारेट लॉक यांनी १९८०च्या दशकात तिथल्या ४५ ते ५५ वयाच्या स्त्रियांची पाहणी केली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आणि कॅनडातल्या मॅनिटोबा येथे साधारण तिघींपैकी एकीने नुकत्याच येऊन गेलेल्या वाफांचा उल्लेख केला होता. जपानमध्ये हे प्रमाण पुष्कळच कमी भरले, आणि आखडलेले खांदे व डोकेदुखी यांचीच तक्रार तिथे अधिक होती. सोयाबीनच्या आहाराकडे बोट दाखवले जाते आणि त्यात काही तथ्य असेलही. परंतु लॉक यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. या वयातले दुखणे म्हणजे रिकामटेकड्या, सुखवस्तू गृहिणींचे चोचले, अशी तिथे समजूत होती, आणि त्याच वयात सासूसासऱ्यांची शुश्रूषा सुनेच्या गळ्यात पडलेली असे. तेव्हा शरीराचा वेगळेपणा कुठे संपतो आणि लोकलाज कुठे सुरू होते, हे वेगळे काढणे कठीण आहे.

आणि आपल्या बीडच्या ऊसतोड बायकांचे काय? तिथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाची उचल फेडायची असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत तोड थांबवणे परवडत नाही, त्यात पोटाचे दुखणे घेऊन गेले की कर्करोगाची भीती घातली जाते, म्हणून तिशीतल्या बायका गर्भाची पिशवी काढून मोकळ्या होतात. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली याची चौकशी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, एका दिवसात येते, आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. या बायकांचा अनुभव ‘भारतीय संस्कृती’च्या खाती मांडणाऱ्याला मी आधी उसाच्या फडात नेऊन उभे करीन.

राहता राहिल्या तुझ्या डॉक्टरांनी सुचवलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या. जपानी बायकांचे त्यांच्यावाचून भागते, म्हणून तू नाही म्हणू नकोस. २००२ साली या गोळ्यांची अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवली गेल्यापासून त्यांची धास्ती बसली आहे. पण त्या चाचणीतल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते आणि तू ५१ची आहेस. स्तनाच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा घराण्यातला इतिहास डॉक्टरांना नीट सांग, आणि मग काय ठरले ते कळव.

तुझी,
वासंती