गोळी देताना आमच्या भाषेत विचारा

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय, सविनय नमस्कार.

माझ्या वहिनीची डावी पोटरी सुजली, तेव्हा रोपलावणीच्या चिखलात उभं राहून गोळा आला असेल असंच सगळ्यांना वाटलं. आईनं तीन रात्री कोमट तेलानं पाय चोळून दिला. चौथ्या दिवशी वहिनीला धाप लागली. खानापूरहून बेळगावला नेल्यावर कळलं, पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुफ्फुसात गेला होता. वहिनी वाचली. चोळल्यानं गुठळी सुटू शकते, हे आईला कोण सांगणार होतं?

डॉक्टरांनी विचारलं, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? होत्या, चार महिने, मेडिकलमधून आणलेल्या. माहेरी कुणाला गुठळी झाली होती का? तिच्या आईला, बाळंतपणानंतर. गोळी हातात देताना हे कुणी विचारलंच नव्हतं.

गोळ्या बंद करा, असं माझं म्हणणं नाही. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या 10,000 बायकांपैकी वर्षाला साधारण 2 जणींना अशी गुठळी होते; सरकारी माला-एन गोळीत असतं ते लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत 5 ते 7 जणींना, तर ड्रोस्पिरेनोन या दुसऱ्या हार्मोनच्या गोळ्यांवर 9 ते 12 जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून मोठा. म्हणून भीतीनं गोळी सोडून नको असताना दिवस गेले, तर ते आणखी वाईट. पण पहिल्या वर्षात धोका सर्वांत जास्त असतो, आणि नेमकं तेव्हाच बाईला काही माहीत नसतं.

महोदय, गोळी सुरू करण्याआधी प्रत्येक बाईचं बीपी मोजलं जावं. आधी कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली का, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते का, बाळंत होऊन किती दिवस झाले, पस्तिशीनंतरही विडी-सिगारेट चालू आहे का, एवढं विचारलं जावं. ज्यांना ही गोळी चालणार नाही, त्यांना तिथेच कॉपर-टीबद्दल सांगावं. यल्लम्माच्या जत्रेआधी पाळी पुढे ढकलायला बायका गोळ्या घेतात, त्याही हार्मोनच्याच. गुठळी होऊन गेलेल्या बाईला त्याही धोक्याच्या.

आणि हे तिला कळेल अशा भाषेत व्हावं. जिथे 15 टक्के लोक अल्पसंख्याक भाषा बोलतात, तिथे सरकारी सूचना त्या भाषेतही काढायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांना दिलेलं जुनं संरक्षण आहे. आमच्या घरात अशी मराठी चिठ्ठी कधी आली नाही. कन्नडशी आमचं भांडण नाही. कन्नड सूचनेच्या कागदाच्याच मागच्या बाजूला मराठीत एवढंच छापा: एकच पाय सुजला, पोटरी दुखते, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर पाय चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका